मार्चमधले मासे

अडेला कोल्बेनं काचेवर बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. काचेपलीकडे बर्फाच्या चुऱ्यावर पर्च मांडून ठेवले होते. कातडी सोललेले, काटे काढलेले, मधोमध उघडून पानासारखे पसरलेले. एरी तलावावरचा बर्फ फुटायला लागला की पहिल्या होड्या घेऊन येतात ते हे मासे. लिओ पावलाकच्या दुकानात ते दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाहीत.

लिओचा हात त्या ट्रेपाशी येऊन थांबला होता. डोक्यावर गावच्या फुटबॉल संघाची निळी टोपी, पुढे रक्ताचे डाग पडलेला एप्रन.

"काय देऊ, मिसेस कोल्बे?"

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, पण तिच्या मागे रांगेत चाललेली कुजबुज बंद पडली. लिओच्या रेडिओवर दोन पुरुष तावातावानं भांडत होते. नवा प्रशिक्षक म्हणून ग्रेडी व्हॉसला आणणं शहाणपणाचं की वेडेपणाचं, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, दुसरी पाळी मिळाली आहे तर ती त्या दक्षिणेकडच्या कॉलेजातल्या पोरावर खर्च करायची का, आणि तो पोरगा आला तर इतकी वर्षं चेंडू फेकणाऱ्या रॉइस टॅकेटचं काय करायचं. हिवाळाभर पोर्ट केसलरमध्ये दुसरा विषय नव्हता. न्हाव्याकडे तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच.

"कोंबडी दे," अडेला म्हणाली. "जून असली तरी चालेल. शिजवायचीच आहे."

लिओनं हात एप्रनला पुसला. "कोंबडीच ना?"

"तुला ऐकू कमी यायला लागलंय का रे?"

"तसं नाही हो. सकाळपासून जो तो विचारतोय, मिसेस कोल्बे येऊन गेल्या का, काय नेलं. आता सांगतो सगळ्यांना, कोंबडी नेली म्हणून." तो आत वळला आणि कागदात कोंबडी गुंडाळता गुंडाळता मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे रॉइस राहतोय तर."

"मी कोंबडी मागितली, लिओ. तुझं भाष्य नाही मागितलं."

रांगेत हशा पिकला. एका म्हाताऱ्यानं तर बाजूला होऊन तिच्यासाठी दार उघडून धरलं आणि टोपीला हात लावला. गाडीत बसल्यावर अडेलानं किल्ली फिरवली नाही. कागदाचं गार पुडकं मांडीवर घेऊन ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. एक शब्दही खोटा न बोलता तिनं आख्ख्या गावाला फसवलं होतं.

पोर्ट केसलरमध्ये शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे की मार्चमध्ये कोल्बेंच्या घरी पर्च तळले गेले की संघातून कोणीतरी जातं.

दुसऱ्या संघांमध्ये हे काम एका निरोप्याकडे असतं. तो सकाळी खेळाडूंच्या खोलीत येतो, हळूच खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, वर बोलावलंय, येताना पुस्तक घेऊन ये. पुस्तक म्हणजे डावपेचांचं. ते परत केलं की संपलं. अडेलाचा नवरा अँसेल कोल्बे तरुणपणी स्वतः असा काढला गेला होता, दुसऱ्या एका गावात. पुस्तक टेबलावर ठेवून तो खाली आला तर त्याचे बूट पिशवीत भरून दाराबाहेर ठेवलेले होते. पुढे वडिलांच्या फेरीबोटींच्या धंद्याबरोबर हा संघ त्याच्याकडे आला, तेव्हा त्यानं पहिलं काही ठरवलं असेल तर ते हेच: ज्यानं आपल्यासाठी गुडघे आणि खांदे झिजवले, तो आधी आपल्या टेबलावर जेवेल. मग आपण सांगू. आणि सांगायचं ते मालकानं स्वतःच्या तोंडानं.

तेव्हापासून तळायचं अडेलानं आणि सांगायचं अँसेलनं. पहिला मासा अँसेल स्वतःच्या हातानं वाढायचा. पाहुण्यानं त्याच्यावर लिंबू पिळून एक घास घेतला की अडेला हात पुसत मागच्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. भिंतीपलीकडून अँसेलचा खालचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत. सगळे जण तिला आठवत होते. दारातून तिरकं होऊन आत यावं लागणारा तो धिप्पाड गडी, ज्यानं सगळे मासे संपवले, मग तोंड झाकून रडला आणि निघताना उरलेली कोबीची कोशिंबीर डब्यात मागून घेतली. एक प्रशिक्षक, जो उठला आणि त्यानं सगळी भांडी घासून पुसून ठेवली. आणि तो बारकासा किक मारणारा, जो म्हणाला होता, "निदान खारी बिस्किटं किती बारीक कुटता ते तरी सांगा, बायको विचारेल." एकदा तिनं बहिणीसाठी म्हणून सहज पर्च तळले होते आणि नेमका त्याच वेळी एक तरुण खेळाडू कसल्याशा कागदावर सही घ्यायला दारात आला. वास येताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला पाणी पाजून, समजावून परत पाठवेपर्यंत तिची पुरेवाट झाली. अँसेल आठवडाभर हसत होता.

अँसेल वारला आणि संघ अडेलाकडे आला, त्या हिवाळ्यानंतर मात्र कोणाला असं बोलवावं लागलं नव्हतं. जे गेले ते स्वतःहून गेले, किंवा इतके नवे होते की डेस्मंड ओकलीनं त्यांना ऑफिसातच सांगितलं. आणि आता पाळी आली होती ती रॉइसची.

आदल्या दिवशी मैदानाशेजारच्या ऑफिसात तिघं बसले होते. डेस्मंड संघाचा सगळा कारभार पाहायचा. सावळा, उंच, शब्द मोजून बोलणारा हा माणूस बोलण्याआधी चष्मा काढून टेबलावर ठेवायचा. ग्रेडी व्हॉस नव्यानं नेमलेला प्रशिक्षक. त्यानं अजून चाळिशीही गाठली नव्हती. खेळत होता तेव्हा दोन हंगाम तो रॉइसच्या मागे राखीव क्वार्टरबॅक म्हणून बसून होता. चेंडू फेकणारा एकच असतो, सगळा संघ त्याच्या खांद्यावर उभा असतो, आणि दुसऱ्यानं टोपी घालून बाजूला उभं राहायचं. ग्रेडी तसा उभा राहिला होता, आणि उभ्या उभ्या सगळं शिकला होता.

त्याला इथे यायला राजी केलं होतं रॉइसनं. जानेवारीत जुना प्रशिक्षक स्वतःहून सोडून गेल्यावर अडेलानंच रॉइसला फोन केला होता. अरे, तुझ्या मनात कोण आहे? रॉइसनं क्षणभरही न थांबता ग्रेडीचं नाव घेतलं. आणि ग्रेडीला दोन मोठ्या शहरांतून बोलावणं आलंय असं कळल्यावर रॉइस स्वतः गाडी चालवत त्याच्या घरी गेला, दिवसभर बसला, त्याच्या बायकोला पोर्ट केसलरच्या शाळांची माहिती दिली, आणि होकार घेऊन आला. होकारामागची अट तेवढी ग्रेडीनं त्याला सांगितली नाही. ती त्यानं नंतर डेस्मंडला सांगितली.

"तो खोलीत असेल तर मला काम करता येणार नाही," ग्रेडी काल पुन्हा तेच म्हणाला होता. तो खिडकीपाशी उभा होता. बाहेर तलावावर बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत होते. "मी काही सांगितलं की सगळे आधी रॉइसच्या तोंडाकडे बघतील. तो पोरगाही बघेल. खरं सांगायचं तर मीसुद्धा बघेन."

डेस्मंडनं चष्मा काढला. त्यानं रॉइसच्या खांद्याचं सांगितलं. चेंडू आता जिथे पोचायला हवा त्याच्या अलीकडे पडतो. डॉक्टर म्हणतात, ते आता भरून येणार नाही. दुसऱ्याच दिवशी ठरवायला हवं होतं, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी संघात राहणाऱ्यांची यादी लीगकडे जाणार होती. त्यानं हेही सांगितलं की हवं तर तो स्वतः रॉइसला बोलावेल, ते त्याचंच काम आहे, यात कोणाला कमीपणा नाही.

"नाही," अडेला म्हणाली होती. "तो माझ्याकडे जेवेल."

ती तसं म्हणाली तेव्हा तिला स्वतःचाच थोडा अभिमान वाटला होता. आता गाडीत, कोंबडी मांडीवर घेऊन, तो कुठे गेला ते तिला कळेना.

खरं म्हणजे ती पर्च घ्यायलाच दुकानात गेली होती. काचेवर बोट ठेवलं आणि तिला डोळ्यांपुढे दिसलं: रॉइस अंगणात गाडी लावतोय, उतरतोय, तळणाचा वास त्याला गाठतोय. मग तिथून दारापर्यंतची ती वाट, दोन्ही बाजूंना मळकं बर्फ, आणि तिच्यावरून चालत येणारा रॉइस, सगळं कळलेला. निदान दारापर्यंत तरी त्याला सुखानं येऊ दे, असं तिच्या मनात आलं. सुखानं दोन घास जेवू दे. कॉफी झाली की सांगेन. तेवढ्यापुरतं तिला ते फार दयाळूपणाचं वाटलं होतं.

रॉइस पाचला आला, उजेड असतानाच. अडेलानं खिडकीचा पडदा जरा बाजूला करून पाहिलं. तो गाडीतून उतरला, दार लावलं, आणि तिथेच उभा राहिला. मान जराशी वर केली. मग त्यानं खिशातून फोन काढला, दोन-चार शब्द बोलला, डोकं खाली घालून हसला, आणि मागच्या सीटवरून एक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढून वाट चढू लागला. पायऱ्या त्यानं अंमळ उड्या मारतच चढल्या. डावा गुडघा मात्र मागे राहत होता.

"आत ये, आत ये. गारठून गेलास." तिनं कोटासाठी हात पुढे केला.

"असू दे हो, इथेच ठेवतो," म्हणत त्यानं तो जाड लोकरीचा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला. पुडकं तिच्या हातात दिलं. "हे तुम्हाला. मी आणि हॅटीनं पकडलेत. बर्फ वितळायच्या आधीचे शेवटचे. बर्फाला भोक पाडून बसली होती पोरगी माझ्याबरोबर, नाक लाल करून. आज नकोत, आज कोंबडी दिसतेय. फ्रीजमध्ये टाका."

पुडकं थंड आणि मऊ होतं. काय आहे ते तिला न उघडताही कळलं. तिनं ते फ्रीजमध्ये दुधाच्या बाटलीमागे सारलं आणि दार लावलं.

ती वाढत गेली आणि तो जेवत गेला. कुस्करलेले बटाटे, त्यांवर घरच्या जाड नूडल्स आणि कोंबडी, वर भरपूर मिरी. तो केंटकीच्या डोंगरातला, एका घरात सहा भावंडांत वाढलेला. जेवताना तो नेहमी ताटाभोवती डावा हात ठेवून बसायचा, कोणी उचलून नेईल असा. आज तो हात मोकळा होता. टेबलाच्या टोकाला अँसेलची खुर्ची रिकामी होती, तिच्याकडे पाठ न करता, तिरका बसला होता रॉइस.

"खरं सांगू, मिसेस के?" दुसऱ्यांदा वाढून घेताना तो म्हणाला. "घाबरतच आलो होतो. गाडीतून उतरलो आणि आधी कुत्र्यासारखं नाक वर करून हुंगलं. कोंबडी! जीव भांड्यात पडला. कोरिनला तिथूनच फोन केला."

अडेलानं हातातला डाव भांड्यात ठेवला.

"काय म्हणाली बायको?"

"रडायला लागली. मग हॅटीला ओरडून सांगितलं, आणि हॅटी कुत्र्याला सांगत सुटली." तो हसला. "महिनाभर घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं हो. मार्चमध्ये तुमचा फोन आला म्हटल्यावर काय वाटणार? कोरिन म्हणाली, जा, आणि शर्ट नीट इस्त्रीचा घाल. म्हटलं, शर्टानं काय होतंय? ती म्हणते, तरी घाल."

शर्ट खरंच इस्त्रीचा होता. बाह्यांवर कडक रेषा उठल्या होत्या.

अडेलानं पाणी प्यायलं. ती म्हणाली, "रॉइस—", आणि त्याच क्षणी तोही बोलू लागला, आणि तिनं त्याला बोलू दिलं.

तो त्या दक्षिणेकडच्या पोराबद्दल बोलत होता. हिवाळाभर त्यानं त्याचे सामने पाहिले होते, पुन्हा पुन्हा. हात सोन्याचा आहे, तो म्हणाला, पण पाय आळशी. मागे सरकताना टाच टेकवतो. हे कोणी त्याला सांगितलेलं नाही, कारण कॉलेजात त्याला कोणी पकडूच शकत नाही. इथे पकडतील. तो काटा बाजूला ठेवून टेबलाच्या कडेवर दोन बोटं चालवून दाखवू लागला, असं नाही, असं.

"त्याला घ्या तुम्ही ड्राफ्टमध्ये. माझ्याकडे बघून सोडू नका. लोक म्हणतील, रॉइसला वाईट वाटेल. काही वाटणार नाही. माझ्या खांद्याचं मला ठाऊक नाही का? मला खेळवूही नका. टोपी द्या, कानाला ते यंत्र द्या, आणि त्याच्या शेजारी उभं करा. एक हंगाम. त्याचे पाय मी नीट करून देतो. ग्रेडीला मी तसंच शिकवलंय, विचारा त्याला."

"बोलणं झालं तुझं त्याच्याशी?"

"आठवडाभर फोन उचलत नाहीये. कामात असेल. नवी माणसं जमवायची, घर बघायचं." त्यानं ब्रेडच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. "मीही पहिल्या वर्षी तसाच होतो. अँसेलचा फोनसुद्धा उचलत नव्हतो."

तिनं बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. ते घ्यायला त्यानं उजवा हात उचलला, खांद्याच्या उंचीपर्यंत आणला, आणि सवयीनं डावा पुढे करून भांडं पेललं. हे इतक्या सहज झालं की त्याचं त्यालाही कळलं नाही. अडेलाला कळलं. तिला तो रविवार आठवला.

अँसेलला पुरून तीन दिवस झाले होते. रॉइसचा खांदा आधीच दुखावलेला होता आणि डॉक्टरांनी त्याला बसायला सांगितलं होतं. सामनाही असा नव्हता की हरून काही बिघडावं. ती काळे कपडे घालून खाली खेळाडूंच्या खोलीत गेली होती. तिथे ती आधी कधी गेली नव्हती. ती त्याला खेळ असं म्हणालीच नाही. ती फक्त म्हणाली, आज तू मैदानावर असतास तर अँसेलला बरं वाटलं असतं. रॉइसनं मान हलवली, आणि सुई टोचून घेऊन तो खेळला. ते जिंकले. सगळं गाव रडत होतं, तीही रडत होती. नंतर तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून सांगितलं होतं, हा निळा सदरा तू तुझ्या मनानं काढशील, कोणी तुला काढायला लावणार नाही. त्यानं तेव्हाही मान हलवली होती. उजवा हात त्यानं पोटाशी धरून ठेवला होता, मोडक्या पंखासारखा.

त्या दिवसाबद्दल तो पुन्हा कधीही बोलला नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं.

"कॉफी घेशील ना?"

"दूध जास्त घाला."

ती उठली. पाणी उकळायला ठेवलं. त्याच्याकडे पाठ करून उभं राहिल्यावर जरा सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. मागे तो हॅटीबद्दल सांगत होता. पुढच्या वर्षी ती इथल्या शाळेच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवणार होती, घरात सराव करते तेव्हा कुत्रा पलंगाखाली जातो. अडेलानं ओठ उघडले. मागच्या खोलीचं दार तिच्या उजव्या हाताला होतं. इतकी वर्षं ती बरोबर या क्षणाला तिकडे निघून जायची. सांगायचे शब्द तिनं कधी ऐकलेच नव्हते. अँसेल सुरुवात कशी करायचा हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

तिनं दुधासाठी फ्रीज उघडला. दुधाची बाटली काढली. तिच्यामागे ते पुडकं होतं.

फ्रीजच्या उघड्या दारातून गार हवा पायांवर येत होती. ती तशीच उभी राहिली. मग तिनं बाटली परत ठेवली आणि पुडकं उचललं.

लोखंडी तवा खालच्या फळीवर होता, सगळ्या भांड्यांच्या मागे. तो काढायला तिला गुडघ्यावर बसावं लागलं. तो शेगडीवर ठेवताना व्हायचा तोच आवाज झाला, जाड आणि बोथट, आणि मागे ट्रम्पेटची गोष्ट वाक्याच्या मधेच थांबली.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. खारी बिस्किटं पिशवीत घालून ती लाटण्यानं कुटू लागली. अंडं फोडलं. मीठ, मिरी. पुडक्याचा ओला कागद सोडवला. मासे साफ केलेले होते, कातडी सोललेली, एकेक काटा काढलेला, अँसेलला लागायचे तसे मधोमध उघडून पसरलेले. नुसते तव्यात सोडायचे बाकी. फ्रीजमध्ये टाकायला म्हणून कोणी इतकी मेहनत घेत नाही. तिच्या हाताचा वेग कमी झाला, पण हात थांबला नाही.

लोणी वितळलं, फेसाळलं. पहिला मासा पडला आणि तो वास स्वयंपाकघरभर पसरला.

"मिसेस के," रॉइस म्हणाला. "माझं पोट भरलंय."

"मला ठाऊक आहे."

टेबलावर त्याचा फोन थरथरला. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं: कोरिननं फोटो पाठवला होता, हॅटी आणि कुत्रा, दोघांच्या डोक्यांवर संघाच्या निळ्या टोप्या. रॉइस त्या फोटोकडे बघत राहिला. मग त्यानं फोन पालथा घातला, आणि कोंबडीचं ताट दोन्ही हातांनी हळूच बाजूला सारलं.

तिनं मासे उलटले. दोन्ही बाजूंनी सोनेरी झाले होते. कपाटातून जुन्या निळ्या काठाच्या ताटल्यांतली एक काढली, आणि हात फळांच्या टोपलीकडे गेला तेव्हा तिच्या लक्षात आलं. टोपलीत सफरचंदं होती, एक केळं होतं. पर्चसाठी म्हणून आज तिनं काही आणलंच नव्हतं. या घरात लिंबाशिवाय पर्च कधी कोणाला वाढला गेला नव्हता. तिला इतक्या वेळात सुचलेलं पहिलं वाक्य हे होतं, आणि ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"लिंबू नाहीये रे."

 रॉइसनं मागे वळून खुर्चीवरच्या कोटाचा खिसा चाचपला, आत हात घातला, आणि एक लिंबू काढून टेबलावर ठेवलं. ते जरासं गडगडलं. त्यानं ते तळहातानं अडवलं.

अडेला ताटली हातात धरून उभी होती. त्याला वाटेवर कळू नये म्हणून तिनं कोंबडी आणली होती. तो तर घरूनच तयारीनं निघाला होता. मासे घेऊन, लिंबू घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. अंगणात पोचेपर्यंत त्यानं स्वतःला सावरलं होतं. आणि तिथे, गाडीपाशी, तिच्या कोंबडीच्या वासानं त्याला गाठलं होतं.

तिनं ताटली त्याच्यासमोर ठेवली. पहिला मासा स्वतःच्या हातानं वाढला. तो अजून चुरचुरत होता. मग ती मागच्या खोलीकडे न जाता टेबलाला वळसा घालून गेली आणि तिनं अँसेलची खुर्ची ओढली. ती इतके दिवस कोणी हलवली नव्हती. पाय फरशीवर खरखरले. ती बसली. इथून माणसाचा चेहरा अगदी समोर येतो, हे तिला आज कळलं.

रॉइसनं सुरीनं लिंबू कापलं. अर्धं उजव्या हातात घेऊन माशावर धरलं, बोटं आवळली, थेंबही पडला नाही. तिची नजर आपल्या खांद्यावर आहे हे त्यानं पाहिलं असावं. त्यानं घाईघाईनं लिंबू डाव्या हातात घेतलं, पिळलं, आणि एक घास तोडून तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला.

"छान कुरकुरीत झालेत," तो म्हणाला.

आणि ताटलीवरून नजर न उचलता, तिला सोपं जावं म्हणून, पुढे म्हणाला, "सांगा आता."